जळक्या लायनरचा वास

कोइम्बतूरहून मुलगा परतला तो मंगळवारच्या पहाटे. गाडी अंगणात लावून तो न बोलताच आत आला, आईने दिलेला चहा त्याने उभ्यानेच घेतला आणि दमलो आहे एवढेच सांगून झोपायला निघून गेला. मित्राच्या बहिणीच्या लग्नाला तो गेला आहे, असे घरात सर्वांना ठाऊक होते. मी नेहमीप्रमाणे झाडांना पाणी घालायला बाहेर आलो आणि गाडीच्या पुढच्या उजव्या चाकापाशी थबकलो. बाराशे किलोमीटरच्या वाऱ्यानेही न गेलेला एक वास तेथे रेंगाळत होता. तो लग्नघरचा वास नव्हता. तो वास मी पस्तीस वर्षे पोटापाण्यासाठी घेतला आहे, आणि त्याही आधी एकदा, वयाच्या बाराव्या वर्षी, खंडाळ्याच्या घाटात घेतला होता.

महाळुंगे म्हटले की पुण्यातल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे बाणेर-बालेवाडीशेजारचे, उंच इमारतींचे म्हाळुंगे उभे राहते. आमचे गाव ते नव्हे. चाकणहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्यालगतचे महाळुंगे इंगळे ते आमचे. एके काळी येथे ज्वारी-कांद्याची शेते होती. १९९९च्या सुमारास बजाज ऑटोचा मोटारसायकलींचा कारखाना येथे उभा राहिला. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेन्झ या दोन जर्मन कंपन्यांचे कारखाने चाकणच्या परिसरात सुरू झाले, आणि त्यांच्या मागोमाग सुट्या भागांचे लहानमोठे असंख्य कारखाने आले. आज पाळी सुटायच्या वेळी आमच्या चौकात उभे राहिले, तर चाक असलेली कोणतीही वस्तू काही मिनिटांत नजरेखालून जाते. अशा गावात वाढलेल्या मुलाला गाड्यांचे वेड लागले, तर दोष कोणाला द्यावा?

मी स्वतः ब्रेकची लायनर आणि पॅड बनविणाऱ्या एका कारखान्यात, घर्षण चाचणी विभागात, १९८२ ते २०१७ अशी नोकरी केली. आरंभी भोसरीला, नंतर इकडे. काम ऐकायला नीरस वाटेल. एक जड चाक विजेच्या मोटरने फिरवायचे, गाडीचे वजन आणि वेग यांचे सोंग त्या चाकाने घ्यायचे, आणि मग पॅडने त्याला थांबवायचे. पॅडच्या पोटात तापमान मोजणारी बारीक तार रोवलेली असे. थांबव, पुन्हा फिरव, पुन्हा थांबव. दिवसाकाठी शेकडो वेळा. तापमान किती झाले, पकड किती उरली, पॅड किती झिजला, हे कागदावर उतरवून घ्यायचे. सुरुवातीच्या वर्षांत त्या मालात अॅस्बेस्टॉसचे धागे असत आणि ती धूळ आम्ही उघड्या नाकाने घेत होतो, हे आज आठवले तरी छातीत काहीतरी रुतल्यासारखे होते. असो. त्या कामाने मला एक विद्या दिली. वापरलेला पॅड हातात घेतला की त्याने काय सोसले आहे, ते मला वाचता येते.

मुलगा झोपला होता. मी जॅक लावला आणि चाक उतरवले.

पॅडचा काळा पृष्ठभाग राखेसारखा पांढुरका पडला होता. कडा हात लावताच भुसभुशीत होऊन गळत होत्या. लोखंडी पाठीवरचा रंग जळून त्याचे पोपडे निघाले होते. डिस्कवर निळसर डाग, आणि कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचे रबर कडक होऊन आक्रसलेले. लग्नाच्या वरातीत गाडीची ही दशा होत नाही. घाटही इतके करीत नाही. ही गाडी कोणीतरी पुन्हा पुन्हा, पुरती थंड होऊ न देता, मोठ्या वेगावरून थांबवली होती.

दुपारी तो उठून बाहेर आला, तर उतरलेले पॅड मी ओसरीवर वर्तमानपत्राच्या कागदावर मांडून ठेवलेले. त्याने ते पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पायरीवर बसला.

“पप्पा, तुम्ही आईला सांगितलंत?”

“नाही. आधी तू मला सांग.”

मग सारे बाहेर आले. त्याची गाडी म्हणजे फोक्सवॅगनची पोलो जीटी, २०१६ सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली. जाणकार तिला स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाहीत. पण एकशेपाच अश्वशक्तीचे टर्बो इंजिन अकराशे किलोच्या आसपासच्या लहानशा गाडीत बसविले की तिच्या अंगात जी चपळाई येते, ती तरुण माणसाला भुलविण्यास पुरेशी असते. पोलो आमच्या चाकणलाच तयार होत असे. २०२२ साली तिचे उत्पादन थांबले. २०१० साली कंपनीने भारतात पोलो कप नावाची शर्यतमालिका सुरू केली, तेव्हा हा शाळेत होता आणि त्या शर्यतींची चित्रे वहीला चिकटवीत होता. कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे नावाचा शर्यतमार्ग आहे, एस. करिवर्धन या गाजलेल्या शर्यतपटूच्या नावाचा, २००३ साली सुरू झालेला. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा. तेथे काही दिवशी पैसे भरून कोणालाही आपली गाडी आणून पळवता येते. शर्यत नसते, बक्षीस नसते. घड्याळाशी आणि स्वतःशी सामना. त्यालाच ‘ट्रॅक डे’ म्हणतात. चौघे मित्र मिळून गेले होते. रस्त्यावर जो वेग हा मुलगा कधी गाठत नाही, तो तेथे मोकळेपणी गाठता येतो, हे त्याचे म्हणणे मला मनातून पटले. रात्री द्रुतगती मार्गावर नको ते खेळ करणाऱ्यांपेक्षा हे शतपटीने शहाणपणाचे.

“सातव्या फेरीत पेडल खाली बसलं,” तो म्हणाला. “पाय टेकला तो थेट तळाला. गाडी वळलीच नाही. सरळ गेली, खडीत. कोणाला काही झालं नाही, पप्पा.”

“आणि मग त्याच ब्रेकवर बाराशे किलोमीटर घरी आलास.”

तो काहीच बोलला नाही.

येथे वाचकांसाठी थोडे थांबायला हवे, कारण ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांखाली आपण दोन निराळ्या गोष्टी दडपून टाकतो. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करीत नाही. तो त्याची उष्णता करतो. त्याची पोलो माणसासकट बाराशे किलोची धरू. तिचा वेग ताशी एकशेतीस किलोमीटरवरून साठवर आणला तर सुमारे सहा लाख ज्यूल एवढी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. आपल्या स्वयंपाकघरात दोन लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढी. आणि ती दोन-तीन सेकंदांत, तीही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर. पोलोच्या मागच्या चाकांना तर डिस्क नाहीतच, ड्रम आहेत. लहान शर्यतमार्गाची आणखी एक खोड अशी की, तेथे सरळ रस्ता आखूड असल्याने डिस्क निवण्यापूर्वीच पुढचे वळण येते.

आता उष्णता दोन जागी घात करते. पॅडमधील भुकटी, धागे, ग्रॅफाइट इत्यादींना बांधून ठेवणारी राळ एका मर्यादेपलीकडे तापली की जळू लागते, तिच्यातून वायू निघतो, आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. अशा वेळी पेडल पायाखाली दगडासारखे घट्ट राहते, पण गाडी थांबत नाही. दुसरा घात कॅलिपरच्या आत होतो. ज्याला आपले मेकॅनिक ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, ते वस्तुतः तेल नव्हेच. ते हवेतील ओलावा शोषून घेणारे द्रव्य आहे. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे द्रव्य किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असे बंधन आहे. पण ओलावा शोषल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली आली तरी ते प्रमाणात बसते. ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल मग मऊ होऊन तळाला जाते. माझ्या मुलाच्या वाट्याला दुसरा प्रकार आला होता, आणि पॅडची कळा पाहता पहिलाही फार दूर नव्हता. त्याला हे दोन्ही एकच वाटत होते. म्हणून तर तो म्हणाला, “पप्पा, पॅडच खराब निघाले.”

पॅड खराब नव्हते. जे काम त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, ते त्यांच्याकडून करून घेतले गेले होते. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे विचारले तेव्हा त्याला आठवेना.

मी त्या दिवशी फार बोललो, आणि आवाज चढवून बोललो. त्याचे कारण त्याला ठाऊक नव्हते. ते मी त्याला त्या रात्री पहिल्यांदा सांगितले.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, पुणे-मुंबई मालट्रक चालवीत. १९७१च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मला केबिनमध्ये बसवून मुंबईला नेले. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता. तो पुरा व्हायला २००२ साल उजाडले. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत पाचशे मीटरहून अधिक उंची त्या एका जुन्या घाटात उतरावी लागे. आमच्या पुढे दादांच्या एका सोबत्याचा ट्रक होता. शिंग्रोबाच्या देवळाच्या वर कुठेतरी दादा एकाएकी गप्प झाले आणि त्यांनी खिडकीतून नाक बाहेर काढले. “लायनर जळतायत त्याचे,” ते म्हणाले. “न्यूट्रल टाकून उतरतोय.” डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी उतारावर सोडून द्यायची, हा तेव्हाचाही रोग होता आणि आजही आहे. दादांनी हॉर्नवर हात दाबून धरला. पुढचा ट्रक मात्र क्षणाक्षणाला लहान होत गेला. एका वळणावर तो दिसेनासा झाला, आणि पुढच्या वळणावर कठडा दिसेनासा झालेला होता. दादांनी गाडी कडेला घेतली, क्लीनरने चाकांखाली दगड लावले, आणि मला केबिनमधून खाली उतरू नकोस असे सांगून ते दोघे गेले. मी उतरलो नाही. पण तो वास खिडकीतून आत येत राहिला. दादा परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर रक्त होते आणि ते त्यांचे नव्हते.

त्यानंतर दादांचे एकच पालुपद असे: ज्या गिअरात घाट चढलास, त्याच गिअरात उतर. पुढे मी हिशेब करून पाहिला. बारा टनांचा ट्रक पाचशे मीटर खाली आणायचा म्हणजे जवळजवळ सहा कोटी ज्यूल. त्यातला मोठा वाटा इंजिनाने उचलावा यासाठीच तो खालचा गिअर. तो काढून टाकला की सारा भार चार-सहा ड्रमांवर येतो. २०२२ साली नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर एका मालवाहू वाहनाने चाळीसहून अधिक गाड्या ठोकरल्या, तेव्हा मी दूरचित्रवाणीपुढून उठून गेलो होतो. सौ.ला वाटले, माझे पोट बिघडले.

मुलाने हे सारे ऐकून घेतले. मग हळूच विचारले, “म्हणजे मी जायचं नाही?”

त्याला ‘जाऊ नकोस’ म्हणण्याचा अधिकार मला होता की नव्हता, यावर मी दोन दिवस घालविले. तो सत्तावीस वर्षांचा आहे, स्वतःच्या पगाराचे पेट्रोल जाळतो. शेवटी मला असे वाटले की, हा जाणारच असेल तर माझी विद्या सोबत घेऊन जावा. दादांनी मला केबिनमध्ये बसवले होते, घरी ठेवले नव्हते.

मग सुरू झाला पॅड निवडण्याचा उद्योग, आणि त्यात आम्ही दोघेही चुकलो, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

त्याने चारपाच प्रकारच्या पॅडची माहिती काढली. ओळखीच्यांकडून दोन जोड बघायलाही आणले. एकाच्या कडेवर ‘एफएफ’ अशी अक्षरे होती, दुसऱ्यावर ‘जीजी’. “जी म्हणजे एफपेक्षा वरचा,” असे तो विजयाने म्हणाला. ती अक्षरे अमेरिकन मोटर अभियंत्यांच्या संघटनेच्या पद्धतीतील. पहिले अक्षर थंड अवस्थेतील पकडीचे, दुसरे तापलेल्या अवस्थेतील. ‘एफ’ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. अक्षर खोटे बोलत नाही. पण त्या चाचणीत इंचभर तुकड्याचे तापमान साधारण साडेतीनशे अंशांच्या आतच राहते. त्यापुढे शर्यतमार्गावर पाचशे अंशांना तोच पॅड कसा वागेल, याविषयी ते अक्षर मुके असते. जी माहिती हवी ती अक्षरात नसून आलेखात असते, आणि किरकोळ विक्रीच्या डब्यावर तो आलेख क्वचितच छापतात.

माझी चूक अशी की, मी मूळचाच पॅड नवा घालून, ब्रेक ऑइल बदलून, ‘जपून चालव’ असे सांगण्याच्या मताचा होतो. जपूनच चालवायचे तर माणूस बाराशे किलोमीटर जाईल कशाला? त्याची चूक अशी की, त्याने माझे न ऐकता खास शर्यतीचा एक पॅड मागविला आणि येथेच, घरी, गाडीला बसवून टाकला. परदेशी माल; किंमत मी येथे लिहीत नाही, सौ. हे नियतकालिक वाचते.

डिसेंबरमधील एका सकाळी साडेसहाला तो मला गाडीतून चाकणला सोडायला निघाला. थंडी कडाक्याची होती. रात्रपाळी सुटलेली होती. चौकाच्या अलीकडे वेग चाळीसच्या घरात असेल. एक कामगार, कानटोपी ओढलेला, डबा हातात, बसच्या मागून एकदम रस्त्यात आला. मुलाने ब्रेक दाबला. मी त्याचा पाय पाहिला, तो वेळेवर गेला होता. तरीही गाडी जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. लाकडावर लाकूड घासावे तसा कोरडा आवाज करीत ती पुढे सरकली, आणि पेडलवर जवळजवळ उभा राहून त्याने तिला त्या माणसाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर रोखली. तो माणूस आमच्याकडे पाहून रागावलासुद्धा नाही. दमलेला होता; कानटोपी सावरीत निघून गेला.

आम्ही गाडी कडेला घेतली. मी उतरून डिस्कला हात लावला, गार होती. शर्यतीच्या पॅडला दीड-दोनशे अंश तापल्याशिवाय पुरती जाग येत नाही. पाचशे-सहाशे अंशांना जो राजा, तो बारा अंशांच्या सकाळी नुसता दगड. कोइम्बतूरच्या खडीत मुलगा स्वतःच्या जिवाशी खेळला होता. येथे डाव त्या कानटोपीवाल्याच्या जिवाचा होता, आणि त्याने कोणत्याही अर्जावर सही केलेली नव्हती.

माझ्या नोकरीत मी हजारो आलेख पाहिले, पण ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे मला त्या सकाळी रस्त्याच्या कडेला उभे असतानाच कळली. पॅड चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो किती अंशांपासून किती अंशांपर्यंत चांगला, आणि आपण त्याला कुठे नेणार, एवढेच विचारायचे असते; आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस स्वतःशीच खोटे बोलतो. वर्षातले तीनशेसाठ दिवस मुलगा महाळुंगे ते निघोजे असा कामावर जातो. गाडी त्या तीनशेसाठ दिवसांचीही आहे.

फेरोडो हे नाव ब्रेकच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रजाने १८९७ साली तो उद्योग सुरू केला. त्याची जी कथा सांगतात ती अशी की, डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात घोडागाड्या उतारावर आवरण्यासाठी गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुने बूट बांधताना त्याने पाहिले, आणि त्यावरून लायनरची कल्पना त्याला सुचली. मला या कथेतील बुटांपेक्षा ते गाडीवान अधिक आवडतात. सपाटीवर ते बूट बांधून फिरत नसावेत. उतार आला की बांधायचे, संपला की सोडायचे.

आम्हीही शेवटी तेच केले. मधला मार्ग म्हणून बाजारात दोन्हीकडे चालणारे पॅडही मिळतात. रस्त्यावर थंडीत बरे धरणारे आणि मूळच्या पॅडपेक्षा पुष्कळ अधिक उष्णता सोसणारे. ज्याला वर्षातून एकदाच जायचे आहे, जागेवर चाक उतरवण्याचा कंटाळा आहे, त्याने तेच घ्यावेत, असे माझे मत आहे. माझ्या मुलाला वर्षातून चारदा जायचे होते आणि त्याचे टायरही आता अधिक पकडीचे होते. टायरची पकड वाढली की ब्रेक अधिक जोराने दाबता येतो आणि उष्णताही वाढते, हे लोक विसरतात. म्हणून दोन जोड ठरले. घरी आणि प्रवासात मूळचे पॅड. शर्यतमार्गावर पोहोचल्यावर तेथेच चाके उतरवून शर्यतीचे पॅड, आणि निघताना पुन्हा मूळचे. मी आणखी एक हट्ट धरला: प्रत्येक जोडीला तिची स्वतःची डिस्क. पॅड आपल्या मालाचा एक सूक्ष्म थर डिस्कवर चढवतो आणि त्या थरावरच तो नीट धरतो. एकाच्या थरावर दुसरा घासला की दोघांचेही बिनसते. मुलगा म्हणाला, वजन वाढेल. मी म्हणालो, मित्राला कमी बसव.

ब्रेक ऑइलच्या बाबतीत वाद झालाच नाही. सीलबंद डबा, ‘डॉट ४’ मधलेच पण अधिक उत्कलनबिंदूचे. जाण्यापूर्वी सारे जुने काढून टाकायचे, चारही चाकांची एअर काढायची, आणि उरलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवायचा नाही. पॅड निम्म्याहून अधिक झिजलेला असेल तर जायचेच नाही, कारण पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचवतो. अखेरची फेरी ब्रेक न लावता, सावकाश, वारा लागू देत. आणि गाडी उभी केली की हँडब्रेक ओढायचा नाही. गिअर टाकायचा, चाकाखाली दगड लावायचा. हे शेवटचे सांगताना मला क्लीनरची आठवण झाली. दगडाऐवजी त्याने पिवळ्या रबराचे दोन ठोकळे विकत आणले.

दादांचा गिअरचा नियम मात्र शर्यतमार्गावर लागू पडत नाही, हे मला मुलाकडून शिकावे लागले. घाटात ओझे दहा-पंधरा मिनिटे सतत असते, म्हणून इंजिनाला कामाला लावायचे. शर्यतमार्गावर एकदाच, थोडक्या वेळात, पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायचा आणि मग लगेच सोडून द्यायचा. पाय भीतभीत बराच वेळ ठेवून दिला, तर उष्णता कमी होत नाही, डिस्कला निवायला मिळणारा वेळ मात्र कमी होतो. पहिल्या खेपेस तो तसाच चालवत होता. भीतीने. ते त्याने आता कबूल केले.

फेब्रुवारीत तो पुन्हा गेला, आईला सांगून. मी गेलो नाही. सायंकाळी सहापर्यंत फोन हाताशी ठेवून मी अंगणातला तोच तो रोपांचा वाफा पुन्हा पुन्हा पाण्याने भिजवीत राहिलो. त्यात दोन मिरच्यांची रोपे मेली. सव्वासहाला फोन आला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार खेपा झाल्या होत्या, पेडल एकदाही मऊ झाले नव्हते, आणि त्याच्या वेळेत फेरीमागे दोन सेकंदांची सुधारणा होती. ते दोन सेकंद त्याला फार मोठे वाटत होते. मी अभिनंदन केले आणि मूळचे पॅड परत बसवलेस का, हे विचारले. त्याने हसून सांगितले, तेच करतोय, हात काळे आहेत.

घरी आल्यावर त्याने शर्यतीचे पॅड जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्यापुढे ठेवले. मी आधी वाकून वास घेतला. तापलेल्या लोखंडाचा होता, एवढेच. पृष्ठभाग सारखा, गडद, कडा शाबूत. मग व्हर्नियर काढून चारही पॅड मोजले. उजवीकडचे दोन्ही जवळपास सारखे झिजले होते. डावीकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त गेला होता. म्हणजे त्या बाजूच्या कॅलिपरची पिन अडकत असणार. पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर सरकून बाहेरच्याला ओढून आणत नाही.

हे त्याला दाखवले तेव्हा त्याने तो आकडा वहीत लिहून घेतला. शाळेत असताना शर्यतींची चित्रे चिकटवलेली ती वही नव्हे. नवी, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, फेऱ्या, हवेचे तापमान, चारही पॅडची जाडी. रविवारी मिस्सा आटोपून आलो की डाव्या कॅलिपरच्या पिना काढून साफ करायच्या आहेत. उष्णता सोसणारे ग्रीस मी कालच चाकणहून आणून ठेवले आहे.